एक्सएमएल-आरपीसी

एक्सएमएल-आरपीसी : एका संगणकावर चालू असलेल्या आज्ञावलीला जाळ्यामार्फत दुसऱ्या संगणकावरील एखादे काम करून घेता यावे, यासाठी लागणारी विदा (माहितीची मूल्ये) एक्सएमएल या खूणभाषेतील मजकुराच्या रूपात पाठविण्याचा व परत मिळविण्याचा संकेत. हा संकेत १९९८ मध्ये प्रचारात आला. नावाचा उत्तरार्ध ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ या संज्ञेतील आद्याक्षरांवरून घेतलेला असून तिचा अर्थ ‘दूरस्थ कार्यविधीला केलेले आवाहन’ असा होतो. आज्ञावलीतील मूल्यांचे मजकुरात आणि मजकुराचे पुन्हा मूल्यांत रूपांतर करणे, हा या संकेताचा गाभा होय. हे रूपांतर वरवर पाहता यांत्रिक वाटते. तथापि त्यात मूल्याचा अर्थ कळत नकळत बदलण्याच्या अनेक जागा आहेत. म्हणून या संकेताचा अभ्यास जाळ्यावरील सर्वच देवघेवीच्या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो.

रूपांतराची गरज : आज्ञावलीतील प्रत्येक मूल्य संगणकाच्या स्मृतीत बाइटांच्या विशिष्ट रचनेत असते. ही रचना संगणकाचा प्रक्रियक, आज्ञावलीची भाषा आणि त्या भाषेचा अनुवादक यांनुसार बदलते. उदा., १ ही संख्या चार बाइटांत साठविताना काही संगणक सर्वांत कमी किंमतीचा बाइट आधी ठेवतात, तर काही शेवटी ठेवतात. एका पद्धतीने लिहिलेले हे चार बाइट दुसऱ्या पद्धतीने वाचल्यास १ ऐवजी १,६७,७७,२१६ ही संख्या मिळते. संमिश्र रचनांच्या बाबतीत अडचण अधिक मोठी असते. त्यांत एक मूल्य दुसऱ्या मूल्याचा स्मृतीतील पत्ता धारण करते. हा पत्ता त्याच संगणकावर आणि त्याच आज्ञावलीपुरता अर्थपूर्ण असतो. दुसऱ्या संगणकाला तो कळविणे निरर्थक होय. म्हणून पत्त्याऐवजी त्या पत्त्यावरील मूल्यच उचलून, सर्व मूल्ये एका ओळीत ठरलेल्या क्रमाने मांडावी लागतात. या क्रियेला सीरियलायझेशन अथवा मार्शलिंग म्हणतात. ग्रहण करणारा संगणक याच्या उलट क्रियेने मूळ रचना आपल्या स्मृतीत पुन्हा उभी करतो.

पूर्वेतिहास : दूरच्या संगणकावरील कार्यविधी हा स्थानिक कार्यविधीप्रमाणेच चालविता यावा, ही कल्पना जेम्स व्हाइट यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याच्या संदर्भात मांडली. ब्रूस जे नेल्सन यांनी १९८१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात तिचे सविस्तर विवेचन केले. अँड्रू बिरेल व नेल्सन यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ती प्रत्यक्षात उतरविली व त्यासंबंधीचा निबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने एक्सडीआर नावाचा विदा-संकेत तयार केला. त्याचे वर्णन १९८७ मध्ये खुलेपणाने प्रसिद्ध झाले. एक्सडीआरमध्ये प्रत्येक मूल्य चार बाइटांच्या पटीत बसविले जाते आणि अधिक किंमतीचा बाइट नेहमी आधी येतो. हा संकेत द्विमान स्वरूपाचा असल्यामुळे आटोपशीर व जलद आहे. तथापि माणसाला तो डोळ्यांनी वाचता येत नाही आणि कोणत्या जागी कोणते मूल्य आहे, हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असावे लागते.

एक्सएमएल ही विस्तारक्षम खूणभाषा १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या एसजीएमएल या भाषेची ही सुटसुटीत आवृत्ती होय. हिच्यात मजकुराच्या भागांना आरंभीची व अखेरची खूण लावून त्यांना नावे देता येतात, तसेच एका भागात दुसरा भाग समाविष्ट करता येतो. मूल्य आणि त्याचे वर्णन एकत्र प्रवास करीत असल्यामुळे विदा-विनिमयासाठी ही भाषा सोयीची वाटू लागली. यूजरलँड सॉफ्टवेअर या कंपनीचे डेव्ह वायनर आणि मायक्रोसॉफ्टशी संबंधित काही तज्ञ यांनी १९९८ मध्ये या दिशेने एकत्र काम केले. मोठा व सर्वसमावेशक संकेत पूर्ण होण्यास विलंब लागत असल्याचे पाहून वायनर यांनी त्यातील छोटा व तयार भाग एक्सएमएल-आरपीसी या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. मोठ्या संकेताचे पुढे ‘सोप’ या नावाने पदार्पण झाले.

आवाहनाचे स्वरूप : आवाहन करणारा ग्राहक-संगणक एचटीटीपी या संदेशवहन नियमावलीतील ‘पोस्ट’ पद्धतीने सेवा-संगणकाकडे एक एक्सएमएल मजकूर पाठवितो. समजा, एखाद्या ग्रंथालयाच्या संगणकावर दाखल क्रमांक दिल्यास पुस्तकाची माहिती देणारा कार्यविधी आहे. ४१२७ या क्रमांकासाठी त्याला केलेले आवाहन पुढीलप्रमाणे होईल (प्रत्यक्षात खुणा, कार्यविधीचे नाव व अंक रोमन लिपीतील असतात, येथे ते नागरीत दिले आहेत) :

<मेथडकॉल>
  <मेथडनेम>ग्रंथ.माहिती</मेथडनेम>
  <पॅरॅम्स>
    <पॅरॅम><व्हॅल्यू><इंट>४१२७</इंट></व्हॅल्यू></पॅरॅम>
  </पॅरॅम्स>
</मेथडकॉल>

कार्यविधीच्या नावात रोमन अक्षरे, अंक, अधोरेषा, बिंदू, अपूर्णविराम व तिरकी रेषा एवढीच चिन्हे चालतात. कार्यविधीला द्यावयाची मूल्ये नावाने ओळखली जात नाहीत, क्रमाने ओळखली जातात. सेवा-संगणक उत्तरादाखल ‘मेथडरिस्पॉन्स’ या खुणेत गुंडाळलेला मजकूर पाठवितो व त्यात नेमके एक मूल्य असते. अनेक गोष्टी कळवावयाच्या असल्यास त्या एका संमिश्र मूल्यात बसवाव्या लागतात. काम झाले नाही, तर मूल्याच्या जागी ‘फॉल्ट’ ही खूण येते व तिच्यात दोषाचा क्रमांक आणि दोषाचे वर्णन असते. असा दोष कळवितानाही एचटीटीपीच्या पातळीवर ‘सर्व ठीक’ या अर्थाचा २०० हा संकेतांकच पाठवावा, असा नियम आहे. कारण निरोप सुखरूप पोहोचणे आणि निरोपातील काम सिद्धीस जाणे या भिन्न गोष्टी आहेत.

मूल्यांचे प्रकार : संकेतात सहा साधे व दोन संमिश्र प्रकार आहेत. साधे प्रकार असे : पूर्णांक, बूलीय मूल्य (१ म्हणजे सत्य व ० म्हणजे असत्य), अक्षरमाला, दशांश-संख्या, दिनांक व वेळ, आणि बेस-६४ पद्धतीने लिहिलेली द्विमान विदा. संमिश्र प्रकारांपैकी ‘अॅरे’ ही मूल्यांची क्रमवार यादी असून तिच्यात भिन्न प्रकारची मूल्ये एकत्र येऊ शकतात. ‘स्ट्रक्ट’ या प्रकारात प्रत्येक मूल्याला नाव असते. त्यातील क्रमाला महत्त्व नसते. यादीत यादी किंवा संरचनेत संरचना समाविष्ट करता येते. मूल्याला प्रकाराची खूण लावली नसेल, तर ते अक्षरमाला समजावे, असे ठरले आहे. एवढ्या मोजक्या साधनांवर हा संकेत उभा असल्याने त्याचे मूळ वर्णन काही पानांतच सामावते आणि बहुतेक सर्व प्रचलित आज्ञावली-भाषांमध्ये तो लवकर उपलब्ध झाला. उदा., पायथन भाषेच्या प्रमाण संचात २००१ च्या २.२ या आवृत्तीपासून त्याचा अंतर्भाव आहे.

रूपांतरातील अडचणी : (१) पूर्णांक. पूर्णांक ३२ द्विमान अंकांचा असल्याने त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ एवढी आहे. भारतातील दहा अंकी भ्रमणध्वनी क्रमांक ६ ते ९ यांपैकी एखाद्या अंकाने सुरू होतात. त्यामुळे असा कोणताही क्रमांक या प्रकारात मावत नाही. शिवाय पूर्णांकाच्या आरंभीची शून्ये गाळली जातात. पुण्याचा ०२० हा दूरध्वनी संकेतांक पूर्णांक म्हणून पाठविल्यास पलीकडे केवळ २० पोहोचेल. ज्या अंकांवर गणित करावयाचे नसते, ते अंक संख्या नसून नाव असतात. म्हणून ते अक्षरमालेच्या रूपातच पाठविले पाहिजेत.

(२) दशांश-संख्या. ०·१ यासारखे साधे दिसणारे अपूर्णांकही द्विमान पद्धतीत नेमकेपणाने लिहिता येत नाहीत. स्मृतीतील द्विगुण अचूकतेची संख्या मजकुरातून तंतोतंत परत मिळावयाची, तर १७ सार्थ अंकांपर्यंत लिहिण्याची गरज पडू शकते. तसेच एक्सएमएल-आरपीसीमध्ये घातांकाची मांडणी मान्य नाही आणि अनंत किंवा ‘संख्या नव्हे’ ही विशेष मूल्येही लिहिता येत नाहीत. पैशांचा व्यवहार दशांश-संख्यांत करणे धोक्याचे असते. परंतु रक्कम पैशांत मोजून पूर्णांक म्हणून पाठवावी म्हटले, तर २ कोटी १४ लाख ७४ हजार रुपयांच्या पुढे पूर्णांकाची मर्यादा आड येते. अशा वेळी रक्कम अक्षरमालेत लिहून तिचा अर्थ दोन्ही बाजूंनी आधी ठरवून घेणे सर्वांत सुरक्षित ठरते.

(३) दिनांक व वेळ. या प्रकारात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट व सेकंद असतात. परंतु ही वेळ कोणत्या प्रदेशाची, हे लिहिण्याची सोय नाही. सेवा पुरविणाऱ्याने ते आपल्या माहितीपत्रकात सांगावे, असे संकेत म्हणतो. भारतीय प्रमाण वेळ ग्रिनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने हा तपशील राहून गेल्यास रात्रीची नोंद आदल्या दिवशीची ठरू शकते.

(४) शून्य मूल्य. ‘मूल्य उपलब्ध नाही’ हे सांगणारी खूण मूळ संकेतात नाही. रिकामी अक्षरमाला, शून्य आणि माहितीचा अभाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘निल’ ही खूण पुढे अनेक आज्ञावली-संचांनी स्वीकारली. मात्र ती सर्वमान्य नसल्याने दुसरी बाजू ती ओळखेलच, असे गृहीत धरता येत नाही.

(५) रचनेतील नाती. एकच वस्तू दोन ठिकाणांहून निर्देशिलेली असली, तर मजकुरात तिच्या दोन स्वतंत्र प्रती होतात. त्यांचे एकत्व पलीकडे कळत नाही. एखादी रचना फिरून स्वतःकडेच निर्देश करीत असेल, तर रूपांतराची क्रिया कधीच संपणार नाही. म्हणून पायथनमधील संच अशी रचना आढळताच दोष दाखवून थांबतो.

मजकूर व लिपी : एक्सएमएलमध्ये खुणेचा आरंभ दाखविणारा कोन-कंस आणि ‘अँड’ हे चिन्ह यांना विशेष अर्थ असल्याने अक्षरमालेत ती चिन्हे आली, तर त्यांच्या जागी ठरलेले पर्यायी संकेत लिहावे लागतात. काही नियंत्रण-चिन्हे तर एक्सएमएलच्या १·० या आवृत्तीत कोणत्याही प्रकारे लिहिता येत नाहीत. त्यामुळे चित्रे, ध्वनी इ. द्विमान विदा बेस-६४ पद्धतीने पाठविली जाते. हिच्यात दर तीन बाइटांसाठी चार चिन्हे खर्ची पडतात, म्हणजे आकार सु. एक-तृतीयांशाने वाढतो.

देवनागरीसारख्या लिपींच्या संदर्भात आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘पुणे’ या शब्दात वाचकाला दोन अक्षरे दिसतात. युनिकोड पद्धतीत त्यांचे चार संकेतबिंदू होतात (प, उकार, ण व एकार) आणि यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत त्यांचे बारा बाइट होतात. आवाहनाच्या मथळ्यात मजकुराची लांबी देणे आवश्यक असते व ती बाइटांत मोजावयाची असते. अक्षरे किंवा संकेतबिंदू मोजून लांबी दिल्यास इंग्रजी मजकुरात काहीच बिघडत नाही. मराठी मजकूर मात्र मध्येच तुटतो व एक्सएमएल अपूर्ण राहून सर्वच आवाहन फेटाळले जाते. संकेताच्या मूळ वर्णनात अक्षरमाला आस्की या इंग्रजी चिन्हसंचापुरती मर्यादित होती. हे बंधन २००३ मध्ये काढून टाकण्यात आले. मथळ्यात चिन्हसंच सांगितला नसेल, तर या प्रकारचा मजकूर आस्कीतील समजावा, असा २००१ चा एक नियम होता. तो २०१४ मध्ये बदलण्यात आला. म्हणून मराठी विदेची देवघेव करणाऱ्या सेवांमध्ये चिन्हसंचाचा उल्लेख मथळ्यात व मजकुरात अशा दोन्ही ठिकाणी करणे हितावह ठरते.

विश्वसनीयता : स्थानिक कार्यविधी एकतर पूर्ण होतो किंवा आज्ञावली बंद पडते. दूरस्थ आवाहनात तिसरी शक्यता असते : काम पार पडले, परंतु उत्तर वाटेत हरवले. ग्राहक-संगणकाला ही स्थिती आणि मागणी मुळात पोहोचलीच नसल्याची स्थिती यांतील फरक कळू शकत नाही. बिरेल व नेल्सन यांनी या प्रश्नाचा विचार १९८४ च्या निबंधातच केला होता. एक्सएमएल-आरपीसीमध्ये आवाहनाला स्वतःचा ओळख-क्रमांक नसतो. पुस्तकाची माहिती विचारण्याचे आवाहन पुन्हा केल्याने काही बिघडत नाही. पण खात्यातून रक्कम वळती करण्याचे आवाहन पुन्हा केल्यास ती दोनदा वळती होऊ शकते. अशा कार्यविधींसाठी व्यवहाराचा क्रमांक हे एक मूल्य म्हणून पाठवावे आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास सेवा-संगणकाने काम न करता आधीचेच उत्तर द्यावे, ही योजना केली जाते.

सुरक्षितता : मजकुरातून मूल्य परत मिळविताना आलेला मजकूर ही केवळ विदा समजली पाहिजे, आज्ञा समजता कामा नये. या तत्त्वाकडे दुर्लक्ष झाल्याचा मोठा फटका २००५ मध्ये बसला. पीएचपी या भाषेसाठी वापरात असलेले काही एक्सएमएल-आरपीसी संच आलेल्या मूल्यांपासून त्या भाषेतील आज्ञांचा मजकूर तयार करीत व तो चालवून मूल्ये मिळवीत. मूल्यात अवतरणचिन्हाची चतुर मांडणी करून त्यापुढे आपली आज्ञा घुसविणे त्यामुळे शक्य झाले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये लपर नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने याच वाटेने लिनक्स प्रणालीवरील सेवा-संगणकांमध्ये प्रवेश केला. पुढे हे संच आज्ञा न चालविता मूल्ये मिळवितील अशा रीतीने सुधारण्यात आले.

धोक्याचे दुसरे मूळ एक्सएमएलच्या स्वतःच्या सोयींत आहे. तिच्यात एखाद्या मजकुराला लघुनाव देऊन ते पुनःपुन्हा वापरता येते. एका लघुनावात दुसरे दहादा, दुसऱ्यात तिसरे दहादा अशी नऊ पायऱ्यांची मांडणी केल्यास एक किलोबाइटपेक्षा लहान मजकुरातून मूळ शब्दाच्या एक अब्ज प्रती तयार होतात आणि संगणकाची स्मृती संपुष्टात येते. लघुनावाचा संबंध सेवा-संगणकावरील एखाद्या फाइलशी जोडून तिच्यातील मजकूर काढून घेण्याचे प्रकारही होतात. एक्सएमएल-आरपीसीला या सोयीची गरज नसल्यामुळे ती बंद ठेवणे, हा साधा व परिणामकारक उपाय होय.

उत्तरकाल व मूल्यमापन : ‘सोप’ची १·१ ही आवृत्ती मे २००० मध्ये व १·२ ही आवृत्ती जून २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. १·१ या आवृत्तीत एकाच वस्तूकडे अनेक ठिकाणांहून निर्देश करण्याची सोय होती. तथापि तिचा अर्थ निरनिराळे संच निरनिराळ्या प्रकारे लावीत. अखेर २००४ मध्ये परस्परमेळासाठी ठरविलेल्या नियमांत ही रूपांतर-पद्धती वर्ज्य करण्यात आली व मजकुराचे स्वरूप एक्सएमएल स्कीमा या वर्णनभाषेत आधी सांगावे, असे ठरले. अधिक सोयी दिल्याने अधिक मेळ साधतोच असे नाही, हे यावरून दिसून आले.

एक्सएमएलचा मोठा दोष म्हणजे विस्तार. द्विमान पद्धतीत चार बाइटांत मावणारी ४१ ही संख्या खुणांसह लिहिण्यास २८ बाइट लागतात. यामुळे जेसन या आटोपशीर मजकूर-पद्धतीचा प्रसार झाला. तिचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे वेगाला महत्त्व असते तेथे गूगलने २००८ मध्ये खुली केलेली प्रोटोकॉल बफर्स ही द्विमान पद्धती आणि २०१५ मध्ये आलेली जीआरपीसी ही आवाहन-पद्धती वापरली जाते. तरीही जुने प्रश्न पूर्णपणे सुटलेले नाहीत. जेसनमध्ये दिनांकाचा प्रकारच नाही आणि पूर्णांक व दशांश-संख्या यांत भेद केला जात नाही. परिणामी ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढील पूर्णांक अनेक संगणकांवर वाचताना नजीकच्या संख्येत बदलतात.

वर्डप्रेस या प्रकाशन-प्रणालीत आणि काही व्यवसाय-व्यवस्थापन प्रणालींत एक्सएमएल-आरपीसीचा वापर आढळतो. नव्या सेवांसाठी तो क्वचितच निवडला जातो. त्याचे महत्त्व मुख्यतः यात आहे, की दोन अपरिचित संगणकांना परस्परांशी बोलण्यासाठी किमान कोणत्या गोष्टींवर एकमत असावे लागते, हे त्याने थोडक्यात व उघडपणे दाखवून दिले. खुणांची भाषा कोणतीही असो, मूल्याबरोबर त्याचा प्रकार, मर्यादा, एकक व लिपी यांविषयीचा करार पोहोचला नाही, तर मजकूर जशाचा तसा पोहोचूनही अर्थ बदलतो. आणि असा बदल कोणताही दोष न दाखविता होत असल्यामुळे तो बहुधा उशिरा लक्षात येतो.